मागच्या रांगेतला सूर

नॉइज हा आम्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा पिढीजात शत्रू! त्याला दाबून कसं टाकायचं यावर कम्युनिकेशनच्या पेपरात प्रश्न हमखास येतो. सिग्नल म्हणजे देव आणि नॉइज म्हणजे राक्षस, एवढं पाठ केलं की पासिंगची काळजी नाही. त्यामुळे एका शहरात लोक तासन् तास जमिनीवर बसून एकच ‘घूंऽऽ’ ऐकतात, हे वाचलं तेव्हा मला वाटलं, यांना एकदा आमच्या हॉस्टेलवर बोलवावं. जनरेटर, पाण्याची मोटर, खडखडणारे पंखे... सगळं फुकट!

ते शहर म्हणजे न्यूयॉर्क आणि त्या संगीताला म्हणतात ड्रोन. लग्नात फोटो काढायला उडतो तो ड्रोन नव्हे हं! एखादा सूर न थांबवता, न बदलता धरून ठेवायचा, तो हा ड्रोन.

याचे मूळपुरुष ला माँट यंग. जन्म १९३५, आयडाहोतल्या एका छोट्या गावात, लाकडी ओंडक्यांच्या घरात. घराच्या फटींतून घुमणारा वारा आणि विजेच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ही त्यांच्या लहानपणीची आठवण. १९६० साली त्यांनी एक रचना लिहिली. त्यात सूर फक्त दोन, षड्ज-पंचमाच्या अंतरावरचे, आणि ते बराच वेळ धरून ठेवायचे. बस्स, संपली रचना! त्याच वर्षी डिसेंबरात योको ओनो यांच्या चेंबर्स स्ट्रीटवरच्या माळ्यावर अशा कार्यक्रमांची मालिका सुरू झाली. पुढे यंग यांच्या ग्रुपमध्ये हार्वर्डला गणित शिकलेले टोनी कॉनराड व्हायोलिन घेऊन आले, जॉन केल व्हिओला घेऊन आले, आणि मारियन झाझीला यांनी गळ्याचा सूर धरला.

या मंडळींनी आपला सूर जुळवला कशाशी, तर विजेच्या गुणगुणीशी! अमेरिकेत मेन्सची फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. हे वाचल्यावर मी लगेच कॅल्क्युलेटर काढला (सवय, दुसरं काय!). ६० भागिले ५० म्हणजे ६:५. आपल्या ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण ‘सा’ धरली तर अमेरिकेतली गुणगुण बरोबर कोमल गंधार येते! दोन देशांच्या वीजमंडळांनी नकळत जमवलेली ही जुगलबंदी मला फार आवडली.

एका झऱ्याचे पुढे अनेक ओढे झाले. जॉन केल ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’मध्ये गेले. त्याच बँडच्या लू रीड यांनी १९७५ साली तासाभराची नुसत्या गिटार फीडबॅकची रेकॉर्ड काढली. ग्लेन ब्रँका यांनी इलेक्ट्रिक गिटारींची फौज उभी करून सिंफनी वाजवल्या. फिल निब्लॉक (निधन २०२४) दर २१ डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, संध्याकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत सलग कार्यक्रम करायचे. वर्षानुवर्षं हा नेम त्यांनी आपल्या सेंटर स्ट्रीटवरच्या माळ्यावर चालवला.

पण मला खरा धक्का बसला तो पुढे. १९७० साली पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला गेले. किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. यंग आणि झाझीला त्यांच्याकडे रीतसर शिष्य म्हणून राहिले, गाणं शिकले, तानपुरा जुळवायला शिकले. किराणा म्हटलं की आपल्याला आठवते मिरज! उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला स्थायिक झाले. तिथल्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि उरुसाला तिथे गाणं होतं. आणि मिरजेचे तानपुरे तर जगप्रसिद्ध, २०२४ साली त्यांना जीआय मानांकनही मिळालं. मी कॉन्व्हेंटमधली. शाळेत प्रार्थनेला पियानो होता, तानपुरा जवळून बघायलासुद्धा मिळाला नाही. मिरजेपर्यंत पोचायला मला न्यूयॉर्कवरून जावं लागलं!

मग विचार आला, आपल्याकडे हा सूर कुठे असतो? गायकाच्या मागे. तानपुरा धरणाऱ्याचं नाव कितीजणांच्या लक्षात राहतं? न्यूयॉर्कच्या लोकांनी केलं ते एवढंच, की मागच्या रांगेतला सूर उचलून पुढे आणून बसवला. १९९३ साली चर्च स्ट्रीटवर सुरू झालेल्या त्यांच्या ‘ड्रीम हाउस’मध्ये गायक नाहीच. जांभळट गुलाबी प्रकाश, गालिचा, आणि स्पीकरमधून अखंड साइन वेव्ह. चपला बाहेर काढायच्या आणि बसायचं. नुसती मान हलवली तरी सूर बदलतो म्हणे.

हे इअरफोनवर कसं कळणार? म्हणून एक दिवस प्रॅक्टिकल संपल्यावर सरांची परवानगी घेतली आणि लॅबमध्ये दोन फंक्शन जनरेटर दोन स्पीकरना जोडले. एक २०० हर्ट्झवर, दुसरा २०१ वर. सेकंदाला एक असा हेलकावा सुरू झाला, जणू खोली श्वास घेतेय. मग २०१ चे ३०० केले. सा आणि पा! भिंतींवरून परतलेल्या लाटांमुळे आवाज एका जागी दाट, दोन पावलांवर पातळ. स्टँडिंग वेव्ह मी सबमिशनसाठी तीनदा काढली होती, तिच्यातून चालले मात्र पहिल्यांदाच.

लॅबचे मामा कुलूप लावायला आले. ‘मशीन बिघडलं का काय, ताई?’ म्हटलं, नाही मामा, जरा फिरून बघा. ते टेबलांमधून एक फेरी मारून आले आणि खिडकीजवळ थांबले. ‘हितं बारीक येतोय की! आन् तिथं मोठा.’ पुढची दहा मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही. सबमिशन, व्हायवा, प्लेसमेंट... त्या दहा मिनिटांत डोक्यात काहीच नव्हतं. आणि कंटाळाही आला नव्हता.

आमच्या पुस्तकात नॉइजची व्याख्या आहे, ‘नको असलेला सिग्नल’. ती चूक नाही. पण हे ‘नको’ कुठल्याच मीटरवर मोजता येत नाही. ते ऐकणारा ठरवतो, आणि बऱ्याचदा न ऐकताच ठरवतो.

यंदाच्या गॅदरिंगला शास्त्रीय गाण्याचा कार्यक्रम होईल तेव्हा मागे बहुधा तानपुऱ्याऐवजी इलेक्ट्रॉनिक डबा असेल. गाणं संपतं, टाळ्या पडतात, सगळे मेसकडे पळतात आणि तो डबा बंद करायचं कुणाला सुचत नाही. मित्रांनो, त्या दिवशी लगेच उठू नका. पाच मिनिटं बसा. जेवण काही पळून जात नाही!