रजिस्टर नंबर १९१४

मंडळी, या शनिवारी थोडं सातारला जाऊन येऊ. कास पठार, अजिंक्यतारा, कंदी पेढे हे सगळं तुम्हाला ठाऊक आहेच. आज बोलायचंय ते एका शाळेच्या जुन्या रजिस्टरबद्दल. दिवसभर डेटाबेसमध्ये डोकं घालून बसणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशीही तेच सुचतं, त्याला इलाज नाही!

प्रत्येक शाळेत एक 'जनरल रजिस्टर' असतं. तुमच्या-माझ्या शाळेतही होतं. पोरगं शाळेत दाखल झालं की त्याला एक नंबर मिळतो, नाव, जन्मतारीख वगैरे लिहिलं जातं, आणि शाळा सोडताना मिळणारा दाखला याच ओळीवरून तयार होतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हे एक टेबल आहे. नंबर हा प्रायमरी की, नवीन ओळ नेहमी खाली, मधली ओळ कोणी पुसायची नाही. शाई आणि जाड कागद एवढ्यावर शंभर-सव्वाशे वर्षं टिकलेलं डेटाबेस. आपल्या सर्व्हरचं काय होईल ते देव जाणे.

सातारच्या प्रतापसिंह हायस्कूलचं असंच एक रजिस्टर आहे. शाळा १८५१ सालची. त्याच्या तीनच वर्षं आधी, १८४८ मध्ये, इंग्रजांनी सातारचं राज्य खालसा केलं होतं. ज्यांचं नाव शाळेला आहे त्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांना कंपनीने १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला पाठवलं, आणि १८४७ मध्ये ते तिकडेच वारले. गंमत बघा, राज्य गेलं आणि राजवाड्यात पुढे इंग्रजी शाळा भरायला लागली. त्या काळचं हायस्कूल म्हणजे जवळजवळ मुलांचीच शाळा. सरदार, कारकून, वकील, भिक्षुक अशा घरांतली पोरं धोतर-टोपी घालून यायची.

आता त्या रजिस्टरमधली एक ओळ. तारीख ७ नोव्हेंबर १९००. नंबर १९१४. नाव, भिवा रामजी आंबेडकर. इयत्ता पहिली इंग्रजी.

हो, तेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त होऊन कुटुंबासह सातारला आले होते. आई भीमाबाई सातारलाच गेल्या, तेव्हा भिवा अगदी लहान होता. मग आत्याने, मीराबाईंनी, घर सांभाळलं. १९०४ पर्यंत तो या शाळेत होता, नंतर सगळे मुंबईला गेले. एल्फिन्स्टन हायस्कूल, १९०७ मध्ये मॅट्रिक, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. मूळ गाव आंबडवे, त्यावरून आडनाव आंबडवेकर. ते आडनिडं वाटतं म्हणून याच आडनावाच्या एका ब्राह्मण मास्तरांनी आपलं 'आंबेडकर' हे आडनाव त्याला दिलं आणि ते मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजी-भाकरीही त्याला द्यायचे, ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः सांगितलेली आहे.

२०१७ मध्ये राज्य सरकारने ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळायचं ठरवलं. आम्हा सातारकरांना त्याचा अभिमान आहे. 'आमच्या गावच्या शाळेत शिकले' हे वाक्य पाहुण्यांना ऐकवताना छाती फुगते, माझीही फुगते. पण त्या ओळीचा फोटो पाहिल्यापासून माझ्यातल्या डेटाबेसवाल्याला एक प्रश्न छळतोय. या टेबलमध्ये कोणते कॉलम नाहीत?

उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही, कारण त्याच विद्यार्थ्याने ते लिहून ठेवलंय. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाचं त्यांचं छोटंसं आत्मकथन आहे. ते पुस्तिकेच्या रूपात आलं ते १९९० मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर ३४ वर्षांनी. इंग्रजी अगदी साधं आहे, तासाभरात वाचून होईल. (वाचाच!) त्यात शाळेतल्या दिवसांबद्दल काही मोजक्या ओळी आहेत. वर्गात मुलं नंबराप्रमाणे बसायची, पण याला मात्र नंबराप्रमाणे बसता येत नसे. वेगळ्या कोपऱ्यात बसायचं. बसायला गोणपाटाचा एक तुकडा, तोही घरून आणायचा आणि संध्याकाळी परत घरी न्यायचा, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावणार नाही. बाकीच्या पोरांना तहान लागली की मास्तरांना विचारून नळावर जायचं आणि पाणी प्यायचं. याला नळाला हात लावायची परवानगी नाही. शिपायाने येऊन नळ उघडला तरच पाणी. शिपाई नाही, तर पाणी नाही.

म्हणजे बघा. रजिस्टरमध्ये १९१४ हा नंबर मिळाला, पण वर्गात नंबराची जागा मिळाली नाही. रजिस्टर खोटं बोलत नाही. ते फक्त त्याला जेवढं विचारलंय तेवढंच सांगतं. गोणपाटाला कॉलम नव्हता, नळाला कॉलम नव्हता.

त्याच पुस्तकात १९०१ सालचा एक प्रवासही आहे. दुष्काळात सरकारने तलाव खोदायचं काम काढलं होतं, वडील त्या कामावर कॅशियर म्हणून खटाव तालुक्यातल्या गोरेगावला होते. त्यांनी पोरांना सुट्टीत बोलावलं. नवे शर्ट, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं, असा थाट करून भिवा, त्याचा मोठा भाऊ आणि बहिणीकडची पोरं निघाली. आगगाडीत बसायची पहिलीच वेळ. मसूर स्टेशनवर उतरले तर न्यायला कोणीच नाही, पत्र पोचलंच नव्हतं. कपडे बघून स्टेशनमास्तर आधी गोड बोलला, मग जात कळली आणि त्याचा चेहराच बदलला. एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्याला कबूल झाला, तेही बैलगाडी पोरांनी हाकायची आणि तो शेजारून चालणार या अटीवर. डबा भरलेला होता, पण पाणी कोणी दिलं नाही. रात्र तशीच काढली. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

पुणे-मिरज लाइनवरून जाताना मसूरची पाटी दिसते. तुमच्यापैकी कोल्हापूरला जाणाऱ्या बऱ्याच जणांनी ती पाहिली असेल. पुढच्या वेळी जरा लक्ष द्या.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं उकरून काय मिळणार? शाळेची शंभरी किंवा दीडशेवी निघाली की आपण स्मरणिका काढतो. कोण कलेक्टर झाला, कोण बोर्डात आला, कोण अमेरिकेत आहे. ते छानच. पण तेवढंच छापलं तर ती शाळेची जाहिरात झाली, इतिहास नाही झाला. इतिहासाला रजिस्टरही लागतं आणि गोणपाटाची गोष्टही लागते. दोन टेबलांचं जॉइन केल्याशिवाय उत्तर पूर्ण येत नाही. आणि ही दुसरी गोष्ट इथे का मिळाली? कारण तो विद्यार्थी पुढे आंबेडकर झाला. कोपऱ्यात बसणाऱ्या बाकीच्या पोरांनी काही लिहून ठेवलं नाही, किंवा कोणी लिहून घेतलं नाही.

म्हणून एक सुचवतो. गावी गेलात की एका सकाळी आपल्या शाळेत जा. हेडसरांना किंवा बाईंना नीट विनंती करून जुनं जनरल रजिस्टर बघता येतं का विचारा. सोबत १८८५ सालचं गॅझेटियर चाळा, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १९ वा खंड सातारा जिल्ह्याचा आहे, इतर जिल्ह्यांचेही आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गावातल्या ऐंशी-नव्वदीच्या आजोबा-आज्यांना विचारा, वर्गात कोण कुठे बसायचं? पाणी कुठे प्यायचं? उत्तर देताना ते कदाचित थोडा वेळ गप्प बसतील. घाई करू नका.

माझ्या मनात मात्र आता १९१४ पेक्षा १९१५ नंबर जास्त घोळतो. त्याच्या खालच्या ओळीवर कोणीतरी होतंच ना? आणि १९१३ वर? ती पोरं नळावर जाऊन मुकाट पाणी पिऊन येत होती. त्यातलं कोणी कधी त्या कोपऱ्यातल्या पोरासाठी नळ उघडायला उठलं असेल का? ती पोरं म्हणजे सातारातल्याच कोणाची तरी पणजोबा मंडळी. कदाचित माझेही.