कलमांचं कडबोळं

समुद्राखालच्या पाइपलाइनसाठी पाइप मागवताना स्पेक जितका कडक तितका चांगला, असं मला कितीतरी वर्षं मनापासून वाटायचं. डिझाइन कुठल्याही कोडवर झालेलं असो, खरेदीच्या कागदात मी एपीआय ५एलचं एक कलम, डीएनव्हीचं दुसरं आणि मागच्या क्लायंटच्या स्पेकमधलं तिसरं घालायचे, आणि प्रत्येक बाबतीत जे सर्वांत जाचक तेच ठेवायचे. जाचक अटीने कुणाचं काय बिघडतं? फार तर मिल चार पैसे जास्त मागेल. आज असं कडबोळं माझ्या टेबलावर आलं तर मी त्यावर सही करत नाही.

कुठला अपघात झाला म्हणून हे मत पालटलं नाही. जाडीचं गणित स्वतः मांडायला लागले, तेव्हा ते डळमळलं.

२४ इंची, १९.१ मिलिमीटर जाडीचा वेल्डेड पाइप घ्या. एएसएमई बी३१.८ मध्ये आतल्या दाबासाठी नाममात्र जाडी धरतात. मिलमधून पाइप थोडा पातळ येणार, हे ०.७२ च्या डिझाइन फॅक्टरने आधीच पोटात घेतलेलं असतं. डीएनव्हीत गंजासाठी राखलेली जाडी वजा होते आणि मिलची उणी सूटही वजा होते. ही सूट नेमकी किती, ते पाइप कशाप्रमाणे मागवला यावर ठरतं. एपीआय ५एलच्या मूळ तक्त्यात या जाडीला उणे १.५ मिलिमीटर चालतं, डीएनव्हीत उणे १.०. गंजासाठी ३ मिलिमीटर सोडले तर पहिल्या हिशेबात १४.६ उरतात, दुसऱ्यात १५.१. डिझाइनवाल्याने १.० धरलं आणि परचेसने नुसतं ‘एपीआय ५एल, एक्स६५, पीएसएल२’ लिहून ऑर्डर सोडली, की दाब पेलण्याच्या ताकदीतले तीनेक टक्के पाइप तयार होण्याआधीच गेले. एपीआयच्या ऑफशोअर परिशिष्टात, ‘अनेक्स जे’मध्ये, ही सूट आवळलेली आहे, पण ते परिशिष्ट वेगळं मागावं लागतं. उलट बी३१.८ वरच्या डिझाइनला तीच आवळलेली सूट लावली, तर सूत्रात तिला घालायला जागाच नाही. पैसे जातात, नाममात्र जाडी तेवढीच राहते.

डीएनव्हीची ‘यू’ ही पुरवणी अट तर मला फारच उशिरा उमगली. सूत्रात पोलादाच्या ताकदीला एरवी ०.९६ ने गुणतात. ‘यू’ मागितली तर १.०० ने. त्यासाठी मिलच्या चाचण्यांतली यील्डची सरासरी हमीच्या आकड्यापेक्षा निदान दोन प्रमाण विचलनं वर असावी लागते. मिलचं काम एकसारखं असेल तर पाइप पातळ करता येतो, इतकी सरळ देवघेव. माझ्या जुन्या जाडजूड स्पेकांत ही एक ओळ शोधून सापडणार नाही. लंबगोलपणाची अट मात्र प्रत्येकात, आणि तीही खोल समुद्रातली!

मुंबई हायवर पाणी सत्तर-ऐंशी मीटर. तिथे पाइप बाहेरच्या दाबाने चेपेल ही भीती सहसा जाडी ठरवत नाही. ओमानहून भारतात गॅस आणायची १९९० च्या दशकातली योजना मात्र सुमारे साडेतीन हजार मीटर खोल पाण्यातून जायची होती. ती पुढे बारगळली. तिथे लंबगोलपणाचा अंश न् अंश मोजावा लागला असता. एवढ्या खोलीवर पाइप घडला कसा, हेही डिझाइनमध्ये येतं. पत्रा आधी ‘यू’, मग ‘ओ’ आकारात वाकवून, वेल्ड करून शेवटी आतून फुगवतात, आणि त्या फुगवण्यानेच बाहेरून दाबलं जाणं सोसायची ताकद घटते. डीएनव्ही त्यासाठी ०.८५ चा गुणक लावतो. पण कोटिंगसाठी पाइप दोनशे अंशांच्या वर तापवला की घटलेली ताकद बरीचशी परत येते, आणि चाचण्यांनी ते दाखवून दिलं तर कोड त्याचं श्रेय देतो. डिझाइनचा आकडा असा कोटिंग यार्डातल्या भट्टीपाशी अडकलेला. स्पेकमध्ये लिहिल्यावाचून हे यार्डवाल्याला कळणार कसं?

हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत मात्र माझी जुनी खोड कायम आहे. वसईच्या समुद्रातल्या गॅसमध्ये हा वायू असतो. तिथे २५० विकर्सची कठिणपणाची मर्यादा मी एका अंकानेही ढिली करत नाही. कॅस्पियन समुद्रातल्या काशागानचं उत्पादन २०१३ मध्ये सुरू झालं आणि काही आठवड्यांतच पाइपलाइनला याच वायूपायी तडे गेल्याने थांबलं. लाइन बदलून ते पुन्हा सुरू व्हायला २०१६ उजाडलं.

बाकी अटींबद्दल माझा एकच प्रश्न असतो: ही सूत्रात कुठे बसते? मिलची डेव्हिएशनची यादी आता परचेसच्या आधी डिझाइनवाल्यांकडे जाते. त्यात आठवडा मोडतो, परचेसवाले कुरकुरतात, आणि ऑर्डर अडलेली असताना त्यांचं म्हणणं मलाही अगदीच चुकीचं वाटत नाही.