वात पूर्ण होईपर्यंत

पुणे

प्रिय चिऊ,


परवा रात्री फोनवर तू विचारलंस, "मावशी, त्या ४० सेकंदांचे १५ करू का?" मी म्हटलं, सकाळी बोलू. सकाळी बोलणं झालं नाही ते बरंच झालं. फोनवर मी तुझी नुसती समजूत काढली असती. तुला हवंय ते उत्तर, आणि ते लिहूनच द्यायला हवं. पत्र उघड लिहितेय, कारण हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या हाताने चित्रं काढून सिनेमा करणाऱ्या प्रत्येकाला खेळ संपल्यावर कुणी ना कुणी हेच सांगतं : "छान आहे, पण फार स्लो आहे."

तुझा सिनेमा ७ मिनिटांचा. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेमना, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. सात मिनिटांची ५,०४० होतात. दोन वर्षं तू लाइटबॉक्सवर वाकून बसलीस, मान धरली तेव्हा शेकत बसलीस. त्यांतली ४८० चित्रं एकाच गोष्टीची : ओसरीवर बसलेली आजी कापसाची वात वळते आणि बाहेर पाऊस पडतो. त्या दिवशीच्या खेळात नेमकी तीच चालू असताना दोन माणसं उठून गेली आणि तिसऱ्याने मोबाइल काढला. तुझ्या चेहऱ्याकडे मला बघवेना. पण मी शेवटच्या रांगेत बसले होते आणि तिथून बाकीचं सभागृहही मला दिसत होतं. त्याबद्दल शेवटी सांगते.

आधी 'स्लो' या शब्दाबद्दल. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवताना मला एक कळलंय, माणूस चित्राबद्दल जे बोलतो त्यातलं निम्मं त्याला आजवर काय दाखवलं गेलं त्याबद्दल असतं. आपल्याला काय दाखवलं गेलं? मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६मध्ये सुरू झाला, डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले. त्या विभागातून उत्तम कलाकार घडले, पण काम सरकारी होतं. छोटं कुटुंब, बचत, आरोग्य; दोन-चार मिनिटांत लोकांना काहीतरी पटवून द्यायचं. १९७४ साली विजया मुळे यांनी 'एक, अनेक और एकता' केला, भीमसेन यांच्या चित्रशैलीत. तो आम्हा सगळ्यांना अजून तोंडपाठ आहे, इतका गोड आहे. पण त्याने आणि त्याच्यासारख्या फिल्मांनी आमच्या मनात एक पक्कं घर केलं : हलणारी चित्रं मुलांसाठी असतात आणि शेवटी काहीतरी शिकवतात. पुढे वाहिन्यांवरची परदेशी कार्टून आली. त्यांनी त्या घरात वेग आणून ठेवला.

म्हणून तुला त्या दिवशी दोन प्रश्न आले. "यातून संदेश काय द्यायचाय?" आणि "हे लहान मुलांना कळेल का?" तुला ते लागले. मला त्या माणसांचा राग आला नाही. ती ५० वर्षांच्या सवयीने विचारत होती. सवय बदलायची तर दुसरं काहीतरी पुन्हापुन्हा समोर यावं लागतं, आणि असं दुसरं आपल्याकडे फार थोडं झालं आहे.

थोडं, पण अस्सल. दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमाराला 'आगकाड्यांची मौज' केला होता, एकेक काडी सरकवत, एकेक फ्रेम टिपत. आज तो पाहायला मिळत नाही. त्यानंतर नऊ दशकांनी, २००६ साली, जे.जे.मध्ये उपयोजित कला शिकलेल्या गीतांजली रावने 'प्रिंटेड रेनबो' पूर्ण केला. आगकाड्या फाळक्यांच्या, आगपेट्या हिच्या. मुंबईच्या एका फ्लॅटमध्ये म्हातारी बाई आणि तिची मांजर. बाईचं रोजचं जगणं करड्या रंगात. ती जपून ठेवलेली एकेक आगपेटी बाहेर काढते आणि तिच्यावरच्या छापील चित्रात शिरते, तेव्हा पडदा रंगांनी भरतो. १५ मिनिटांचा सिनेमा, जवळजवळ तीन वर्षं एकटीने रंगवलेला. कान महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहात त्याला तीन पुरस्कार मिळाले.

मागच्या वर्षी आमच्या भिशीच्या दिवशी मी तो लॅपटॉपवर लावला होता, तुला बोलले होते की नाही आठवत नाही. नऊ जणी होतो. पहिली तीन-चार मिनिटं चुळबुळ. कुणी चहाचं विचारलं, कुणी म्हणालं, "अजून काही होत कसं नाही?" मग हळूहळू खोली शांत झाली. संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत, सिनेमा कसा होता हेही कुणी बोललं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आमच्या सासूबाई रिकाम्या काडेपेट्या टाकू द्यायच्या नाहीत. जहाजाच्या छापाच्या वेगळ्या ठेवायच्या. कशाला, ते आम्ही कधी विचारलंच नाही." एवढं बोलून त्या गप्प झाल्या. मग दुसरी बोलली, मग तिसरी. पाऊण तास आम्ही बोलत होतो, आणि सिनेमाचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

हे मी नंतर पुष्कळदा पाहिलं. वेगवान सिनेमा पाहून आलेली माणसं सिनेमाबद्दल बोलतात : तो पाठलाग, तो विनोद, तो शेवट. संथ, हाताने रंगवलेला सिनेमा पाहिला की माणसं आपल्या घरातलं काहीतरी सांगू लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, यांना सिनेमा भावला नाही. खरं तर तो इतका आत गेलेला असतो की त्यांचं आणि त्याचं वेगळं काढता येत नाही. म्हणून खेळ संपल्यावर लगेच, दिवे लागताच, "कसा वाटला?" असं विचारू नकोस. त्या घटकेला लोकांकडे उत्तर नसतं, आणि उत्तर नसलं की तोंडात येतो तो तयार शब्द, 'स्लो'.

हे झालं प्रेक्षकांच्या बाजूने. आता तुझ्या बाजूचं बोलते, कारण सगळं त्यांच्यावर ढकललं तर तू पुढचा सिनेमा याहून वाईट करशील.

तू पाचवीत असताना मी तुला सवाई गंधर्व महोत्सवाला घेऊन गेले होते. भारतीय बैठकीत चटईवर बसून तू डब्यातल्या वड्या संपवल्यास आणि माझ्या मांडीवर झोपलीस. ती हजारो माणसं आठव. बडा ख्याल चालू आहे, विलंबित एकतालाचं एकच आवर्तन मिनिटभर चाललंय, आणि कुणी हलत नाही. हीच माणसं, हेच पुणं. मग त्यांना संथपणाचा कंटाळा आहे असं कसं म्हणायचं? ती थांबतात, कारण सम येणार आहे हे त्यांना ठाऊक असतं. गवई लांब लांब जातो, पण ठेका धरून ठेवतो. सम आली की हजार माना एकदम हलतात. ज्याला तालाचं व्याकरण येत नाही, त्याचीही मान हलते. विलंबित लय माणसाला जड जात नाही. सम हरवलेली लय जड जाते.

मायकल दुडोक द विटचा 'फादर अँड डॉटर' पुन्हा पाहा, तुझ्यासारखाच छोटा, ८ मिनिटांचा, २००० सालचा. बाप होडीत बसून निघून जातो. मुलगी सायकल घेऊन बंधाऱ्यावर त्याच जागी परत परत येते, कधी वाऱ्यात, कधी मैत्रिणींबरोबर, कधी आपल्या मुलांना घेऊन, आणि शेवटी म्हातारी होऊन. मधे किती वर्षं गेली हे कुणी सांगत नाही. पण ती जागा आली की आपली सम पडते. त्यामुळे उरलेला सगळा वेळ तो वाऱ्याला आणि सायकलच्या चाकांना देऊ शकतो, आणि आपण खुशाल देऊ देतो.

'बॉम्बे रोझ'ही आठव. गीतांजली रावचाच, फुलं विकणारी कमला आणि काश्मिरातून आलेला सलीम. ६० कलाकारांनी दीड वर्ष एकेक फ्रेम रंगवलेला पूर्ण लांबीचा सिनेमा. २०१९मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्याने झाली. २०२१च्या मार्चमध्ये तो नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा तुझ्या आईने आणि मी एकत्र पाहिला. एका ठिकाणी म्हाताऱ्या मिसेस डिसूझा रस्त्याने चालू लागतात आणि भोवतालची आजची मुंबई विरघळत जुनी, काळी-पांढरी होते. तुझी आई एवढी अधीर बाई, जाहिरातसुद्धा पूर्ण पाहत नाही. तिने तेवढा तुकडा तीनदा मागे नेऊन पाहिला. "आम्ही लहान असताना ट्राम होती," म्हणाली. ट्राम बंद झाली १९६४मध्ये, तेव्हा ती आठ वर्षांची होती. पुढे मात्र, इतक्या जणांच्या गोष्टी एकमेकींत गुंफताना, एका टप्प्यावर आम्हा दोघींचाही धागा सुटला, आणि तेवढ्याच भागात तिने घड्याळ पाहिलं. रंग तेच होते, हात तेच होते, गतीही तीच. आम्हाला फक्त सम सापडेना. एकाच बैठकीत एकच बाई एकदा मागे जाऊन पाहते आणि एकदा घड्याळ पाहते, यातून तुझ्यासारखीने शिकण्याजोगं पुष्कळ आहे.

आता तुझे ४० सेकंद. काल मी ते सात-आठ वेळा पाहिले. आजी पेळूतून कापूस ओढते, बोटांना थोडं दूध लावते, अंगठ्याने वळू लागते. माझ्या आईचा अंगठा तू जसाच्या तसा काढला आहेस, भाजल्यापासून किंचित डावीकडे वळलेला. तू तिला शेवटी पाहिलंस तेव्हा सहा वर्षांची होतीस. हे तुझ्या हाताला कसं आठवलं, मला माहीत नाही. पण वात वळून होते त्याच क्षणी तू चित्र पावसावर नेतेस. वळलेली वात दिसत नाही. ती ताटलीत इतर वातींशेजारी पडताना दिसत नाही. चाळीस सेकंद मी वाट पाहिली ती सम आलीच नाही. लोक चाळीस सेकंदांना स्लो म्हणाले, पण त्यांना खुपलं ते हे असावं.

त्यामुळे माझं उत्तर असं : ४० चे १५ करू नकोस. ४० चे ४४ कर. ४८ चित्रं आणखी काढावी लागतील, मानेला पुन्हा शेक लागेल. पण वात ताटलीत पडू दे, आणि एक क्षण तिथेच थांब.

फ्रेडरिक बॅकच्या 'द मॅन हू प्लांटेड ट्रीज'मध्ये असंच एक दृश्य आहे. १९८७चा, अर्ध्या तासाचा सिनेमा, रंगीत पेन्सिलींनी वर्षानुवर्षं खपून केलेला. मेंढपाळ रात्री टेबलावर ओकच्या बिया ओततो आणि एकेक नीट पाहून चांगल्या वेगळ्या काढतो. १०० झाल्या की थांबतो, झोपायला जातो. दुसऱ्या दिवशी त्या पेरतो. कॅनडाच्या सरकारी दूरचित्रवाणीने बॅकला हवा तेवढा वेळ दिला, आणि त्याने तो वेळ प्रेक्षकाला दिला. हा सिनेमा पुढे किती तरी ठिकाणी झाडं लावणाऱ्यांना प्रेरणा देत राहिला. बिया निवडणारा तो हात लोकांनी पुरेसा वेळ पाहिला होता, म्हणून तो त्यांच्या हातात उतरला असणार, असं मला वाटतं.

असं का वाटतं, तेही सांगते. त्या दिवशी ती दोन माणसं उठून गेली तेव्हा तू दाराकडे पाहत होतीस. माझ्या पुढच्या रांगेत एक साठीच्या बाई बसल्या होत्या, पर्स मांडीवर. पडद्यावर आजी वात वळत होती, आणि त्या बाईंचा उजवा अंगठा तर्जनीवर फिरत होता. हळू, एकाच दिशेने, आजीच्या लयीत. बोटांत काही नव्हतं. पडद्यावर पाऊस सुरू झाला तरी त्यांचा अंगठा थांबला नाही, आणखी तीन-चार वेळा फिरला. तुझ्या सिनेमाने सोडलेली वात त्या आपल्या बोटांत पूर्ण करत होत्या. दिवे लागल्यावर त्यांनी तुला काहीच सांगितलं नाही, पर्स उचलून गेल्या.

मला त्यांच्यावरून कळलं की तुझे ४० सेकंद लांब नाहीत, अपुरे आहेत.

कोजागिरीला आमच्या गच्चीवर मंडळी रात्री उशिरापर्यंत बसतात. दूध आटेपर्यंत कुणालाच घाई नसते. पांढरी चादर मी बांधून ठेवते, प्रोजेक्टर तू आण. ४८ चित्रं होतील ना तोवर?

तुझीच,
मावशी