डावीकडे बघा

‘डावीकडे बघा, ॲन फ्रँकचं घर!’ टूर मॅनेजर माइकवर ओरडला, सगळे मोबाइल घेऊन एका बाजूला झुकले, आणि तोवर बोट पुढे निघूनही गेली. दोन वर्षं झाली, आठवलं की अजून डोकं तापतं. पैसे भरताना मी ऑफिसात दोनदा विचारलं होतं, घरात नेणार ना? ‘हो मॅडम, लिहिलंय की कागदावर.’ कागदावर खरंच होतं: ॲन फ्रँक हाउस. बाहेरून, हा शब्द कुठेच नव्हता. उतरल्यावर विचारलं तर म्हणे, तिकिटंच मिळत नाहीत. अहो, तिकिटं त्यांच्या वेबसाइटवर दर मंगळवारी निघतात, सहा आठवडे पुढची. आम्ही पैसे चार महिने आधी भरले होते! चाळीस जणांची सोय एकदम होत नसेल, तर तसं सांगा, पण छापू नका. त्याच दिवशी लाकडी बुटांच्या दुकानात पाऊण तास मात्र होता. टूरने जाणाऱ्यांनी ‘आत की बाहेरून’ हे लेखी घ्यावं.

यंदा लेकीकडे, ॲमस्टरडॅमजवळच्या ॲमस्टलव्हेनला गेले. तिने मंगळवारी सकाळी लॅपटॉपसमोर बसून तिकिटं काढली.

प्रिन्सनग्राख्ट २६३. पुस्तकांच्या कपाटाआडचं दार, माळ्याच्या शिडीसारखा उभा जिना, आणि वर रिकाम्या खोल्या. त्या रिकाम्याच राहाव्यात, ही ॲनचे वडील ऑटो फ्रँक यांची इच्छा. नाझींपासून इथे लपलेल्या आठांपैकी ते एकटेच परतले. एका भिंतीच्या कागदावर, काचेआड, पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत. मुलींची उंची मोजून केलेल्या खुणा. आमच्या सांगलीच्या घरी आई दर दिवाळीला दाराच्या चौकटीवर अशाच खुणा करायची. जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ या काळात ॲन तिथे तेरा सेंटिमीटरहून जास्त वाढली. दिवसा खाली गोदामात माणसं, म्हणून पाऊल वाजवायचं नाही, पाणी सोडायचं नाही, आणि पोर आपली वाढतेच आहे. फ्रॉक आखूड होत असणार. नवे कुठून आणायचे? ॲनची डायरी मी नववीत वाचली होती, पण हे कधी मनातच आलं नव्हतं. मागे लोक खोळंबले होते. माझा पाय निघेना.

आत जाताना कालव्याच्या काठावर पाय सोडून बिअर पीत बसलेल्या पोरापोरींचा राग आला होता. या दारासमोर यांना हसायला सुचतं कसं?

बाहेर आले तेव्हा शेजारच्या वेस्टरकेर्कची घंटा वाजत होती. आत लपलेल्या ॲनला ऐकू यायची, ती याच चर्चची. मी चपला काढल्या आणि त्या पोरांच्या शेजारीच काठावर बसले. पाण्यावर ऊन होतं. समोरच्या अरुंद घरांच्या माथ्यावर सामान वर ओढून घ्यायचे लोखंडी आकडे दिसत होते. एक बाई सायकलच्या पुढच्या खोक्यात दोन मुलं बसवून पुलावरून गेली. फार बरं वाटत होतं.

‘आई, निघायचं?’ लेकीने विचारलं.

‘बस गं थोडा वेळ.’