कावेरीतल्या माशाचे सीमोल्लंघन

विजयादशमीच्या दिवशी म्हैसूरच्या राजवाड्यातून निघालेली दसऱ्याची मिरवणूक सुमारे पाच किलोमीटरचा रस्ता कापून बन्नीमंटपला पोहोचते. कानडीत बन्नी म्हणजे शमी. अज्ञातवासात पांडवांनी शस्त्रे लपवली, तेच हे झाड. पूर्वी म्हैसूरचे राजे येथे येऊन शमीची पूजा करीत. आजही चामुंडेश्वरीची सोन्याची अंबारी येथवर येते आणि रात्री याच मैदानावर मशालींची कवायत रंगते. आपल्याकडे आपट्याची पाने वाटून सीमोल्लंघन होते, तसेच हे म्हैसूरकरांचे सीमोल्लंघन. पाऊस सरला, वाटा मोकळ्या झाल्या, आता बाहेर पडा, हा त्याचा जुना अर्थ.

हा अर्थ म्हैसूरच्या आणखी एका जमातीला चांगलाच ठाऊक होता. ती म्हणजे गळ टाकून मासे धरणाऱ्यांची. बन्नीमंटपवरून जुना बंगलोर रस्ता उत्तरेला जातो आणि काही किलोमीटरवर श्रीरंगपट्टणला कावेरी भेटते. दसरा उलटला की शौकिनांचे डोळे या नदीच्या पाण्याकडे लागत.

नदीचे ऋतू

थंड मुलखात मासेमारीचा ऋतू बर्फ ठरवतो. फिनलंड किंवा कॅनडात हिवाळ्यात तळी गोठली, की लोक गिरमिटाने बर्फाला भोक पाडतात आणि त्यातून आखूड गळ सोडून तासन्‌तास बसतात. पाणी चार अंशांवर सर्वांत जड होते आणि त्याहून थंड पाणी वर तरंगते. म्हणून तळे वरून गोठले तरी खाली मासे जिवंत राहतात.

कावेरीला बर्फ माहीत नाही. तिचे ऋतू पाण्याच्या रंगावरून ओळखायचे. आषाढ-श्रावणात कोडगूच्या डोंगरांत पाऊस कोसळतो, कृष्णराजसागराचे दरवाजे उघडतात आणि नदी तांबूस, गढूळ होऊन धावते. तेव्हा गळ टाकण्यात अर्थ नसतो. हाच माशांच्या विणीचा काळ. महसीर जातीचे मासे पुराच्या पाण्याबरोबर वर चढतात आणि स्वच्छ, वाहत्या पाण्यातल्या खडी-गोट्यांत अंडी घालतात.

दसऱ्यानंतर पाणी हळूहळू निवळते. पौष-माघात ते इतके नितळ होते, की खडकांमधले प्रवाह आणि डोह वेगवेगळे दिसतात. जानेवारी ते मार्च हा गळाचा खरा हंगाम. उन्हे तापली, की नदी आटते, मासे खोल डोहांत गोळा होतात आणि तेथेच त्यांच्यावर सर्वांत मोठे संकट येते. डोहात सुरुंग फोडून मासे मारणाऱ्यांना ऋतूची पर्वा नसते. एका स्फोटात मोठ्या माशांबरोबर पिलेही मरतात.

नाचणीच्या गोळ्याचा पाहुणचार

या नदीचा राजा म्हणजे महसीर. कानडीत त्याला ‘बिळी मीनू’, म्हणजे पांढरा मासा म्हणतात. ओठ जाड, खवले मोठाले. तोंडात दात नाहीत, पण घशातल्या दातांनी तो खेकडे आणि शिंपलेही चुरडून खातो. झाडावरून पाण्यात पडलेली फळेही त्याला चालतात. म्हणूनच कावेरीवर त्याला मांसाचे आमिषच हवे, असे नसे. शिजवलेल्या नाचणीचा लिंबाएवढा घट्ट गोळा गळाला लावत. ज्या नाचणीच्या मुद्देवर इथला शेतकरी जगतो, तीच माशालाही प्रिय!

गळ टाकायला बांबूच्या विणीची, टोपलीसारखी गोल नाव वापरतात. तिला हरिगोलू म्हणतात. एका वल्ह्यावर गिरक्या घेत ती खडकांमधून वाट काढते. मोठा मासा गळाला लागला, की तो या नावेला आपल्यामागे ओढत नेई आणि माणसाचा घाम काढी.

मार्च 1946 मध्ये म्हैसूरच्या वॅन इंगेन घराण्यातील डी वेट वॅन इंगेन यांनी कावेरीची उपनदी असलेल्या कबिनीत 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महसीर धरला. शिकारीतील वाघ-बिबट्यांची कातडी भरून जिवंत वाटतील असे प्राणी उभे करणारे म्हणून हे घराणे जगभर प्रसिद्ध होते. या माशाचा विक्रम पुढे अनेक वर्षे सांगितला जाई.

स्वातंत्र्यानंतर धरणे झाली, सुरुंग वाढले आणि असे मासे आता उरलेच नाहीत, असे बोलले जाऊ लागले. 1977-78 मध्ये तीन ब्रिटिश तरुण कावेरीवर येऊन राहिले. त्यांना 92 पौंडांचा मासा मिळाला आणि जगभरचे शौकीन पुन्हा कावेरीकडे वळले. शिवनसमुद्र धबधब्याच्या खाली भीमेश्वरी, दोड्डमकळी, गालीबोरे येथे छावण्या उभ्या राहिल्या. तेथला नियम एकच : मासा धरा, वजन करा, छायाचित्र घ्या आणि परत नदीत सोडा. पूर्वी सुरुंग लावणारे किंवा जाळी टाकणारे काही गावकरी याच छावण्यांत वाटाडे आणि पहारेकरी झाले. जिवंत मासा मेलेल्या माशापेक्षा जास्त मिळवून देतो, हे त्यांना पटले होते.

लोणावळ्याहून आलेला पाहुणा

येथून या कहाणीचा धागा थेट महाराष्ट्राशी जुळतो. महसीर ही एकच जात नव्हे. पुण्याच्या मुळा-मुठेतील महसीराचे वर्णन कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री. निळसर परांचा हा मासा आपल्याकडे काही भागांत ‘खडस’ म्हणून ओळखला जातो. त्याची संख्या घटू लागली, तेव्हा टाटा वीज कंपनीने लोणावळ्याच्या वळवण तलावाजवळ मत्स्यबीज केंद्र चालवले. मादीची अंडी आणि नराचे बीज हलकेच काढून, एकत्र करून तेथे लाखो पिले वाढवली गेली. 1970च्या दशकापासून ही पिले देशाच्या अनेक भागांत पाठवण्यात आली. त्यातली काही कावेरीतही सोडली गेली.

हेतू चांगलाच होता. नदीत महसीर कमी झाला, तर महसीर आणून सोडावा, यात कोणाला काय वावगे वाटणार? पण कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा होता. पाठीवर कुबड, नारिंगी पर आणि प्रचंड देह. पन्नास किलोंपर्यंत वाढणारा मासा तोच.

दोघांतला फरक लक्षात येऊनही काय चालले आहे, हे कळायला वेळ लागला. ते उघड झाले छावणीतल्या वह्यांमुळे. गालीबोरे येथे 1998 ते 2012 या काळात धरलेल्या माशांची तारीख, वजन आणि जात यांची नोंद ठेवलेली होती. शौकिनांनी ती हौसेने केली होती. शास्त्रज्ञांनी ती तपासून 2015 मध्ये निष्कर्ष मांडला : निळ्या परांचे मासे भरमसाट वाढले होते आणि कुबडवाला महसीर झपाट्याने नाहीसा होत होता. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र नदी महसीरांनी भरलेलीच दिसत होती!

आणखी आश्चर्य म्हणजे तोवर या राजाला पक्के शास्त्रीय नावही नव्हते. केरळातील पांबार नदीतल्या ज्या माशाला 2007 मध्ये टॉर रेमादेवी हे नाव दिले गेले, तोच हा कावेरीचा महसीर, हे 2018 मध्ये सिद्ध झाले. पांबारचे पाणी शेवटी कावेरीलाच मिळते. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून केली. निलगिरीच्या पायथ्याच्या मोयार नदीसारख्या मोजक्या ठिकाणीच तो आज तग धरून आहे.

पाहुण्यावरच सारा दोष टाकणे बरोबर नाही. धरणांनी माशांच्या विणीच्या वाटा अडवल्या, वाळूउपशाने अंडी घालायच्या जागा गेल्या, आणि नदीला पाणी केव्हा मिळणार हे आभाळाऐवजी दरवाजांवर ठरू लागले. एका परीने नदीचे ऋतूच बदलले. दरम्यान अभयारण्यातील मासेमारी हीसुद्धा कायद्याने शिकारच, असे ठरले आणि 2012च्या सुमारास छावण्यांतले गळ उचलले गेले. त्याबरोबर नदीवरचे वाटाड्यांचे डोळेही कमी झाले, अशी खंत अनेक अभ्यासकांनी व्यक्त केली आहे.

पर्यटकांसाठी

दसऱ्यानिमित्त म्हैसूरला जाणाऱ्यांनी एक सकाळ नदीसाठी जरूर राखून ठेवावी. श्रीरंगपट्टणजवळचे रंगनतिट्टू हे 1940 पासूनचे पक्षी अभयारण्य. तेथे मासेमारीला बंदी आहे, पण नावेतून फिरताना करकोचे, पाणकावळे आणि खडकांवर ऊन खात पडलेल्या मगरी दिसतात. हे सगळेच कावेरीच्या माशांवर जगतात. डिसेंबरनंतर गेल्यास पाणी निवळलेले असते. पश्चिमवाहिनीच्या घाटावर मुलांना नदी दाखवताना तिच्या या राजाची गोष्टही सांगावी.

आपल्याकडेही गावोगावी नद्या-तलावांत मासे सोडण्याचे समारंभ होतात. हारतुरे होतात, फोटो निघतात. बादली पाण्यात उपडी करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारायला हवा : हा मासा मूळचा याच नदीचा आहे का? बन्नीमंटपचे सीमोल्लंघन करून माणूस संध्याकाळी घरी परततो. नदीत सोडलेला मासा परत बोलावता येत नाही.