हाली रुपया

आठवीला नागरिकशास्त्र शिकवताना मी एक खेळ घेतो. प्रश्न एकच असतो : आज मैदानावर काय खेळायचं? आधी एका मुलाला राजा करतो. तो म्हणेल ते. मग पुढच्या बाकावरच्या पाच जणांच्या हाती कारभार, म्हणजे अल्पजनसत्ता. नंतर एक दांडगा मुलगा पट्टी घेऊन उभा राहतो आणि 'का?' विचारणाऱ्याला वर्गाबाहेर काढतो. शेवटी चिठ्ठ्या टाकून मतदान. मुलींची संख्या जास्त, त्यामुळे बहुतेक वेळा खो-खो निवडून येतो. संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतीतला फरक मात्र खेळात जमत नाही. तो फळ्यावरच लिहून द्यावा लागतो.

असाच एकदा खेळ संपल्यावर राजेशाहीची उदाहरणं विचारली. मुलं इंग्लंडला पोचली. मी म्हणालो, "इतकं लांब कशाला? आपल्या मराठवाड्यावर १९४८ पर्यंत राजाच होता."

"निजाम!" वर्ग ओरडला. आणि दुसऱ्या बाकावरचा एक हुशार मुलगा सहज म्हणाला, "सर, तेव्हा तुमचं राज्य होतं ना?"

त्याच्या मनात खोट नव्हती. घरी ऐकलेलं तो बोलला. पण शेवटच्या बाकावरची दोन मुलं, ज्यांची नावं माझ्या नावासारखीच आहेत, एकदम वहीत डोकं खुपसून लिहू लागली. फळ्यावर तेव्हा उतरवून घेण्यासारखं काहीच नव्हतं.

तास संपला म्हणून मी सुटलो. घरी आल्यावर मात्र लोखंडी पेटी उघडली. दादीच्या मेहेरच्या रकमेतला एक हाली रुपया तिनं शेवटपर्यंत जपला होता. दुसऱ्या दिवशी तो वर्गात नेला.

"यावर राजाचा चेहरा शोधा," म्हटलं. नाणं हातोहात फिरलं. चेहरा नव्हताच, चारमिनार होता. मी सांगितलं, माझे आजोबा पिंजारी. धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव गाद्या भरायचे. मीर उस्मान अली १९११ साली गादीवर आला, पण आजोबांनी त्याला कधी पाहिलं नाही, नाण्यावरदेखील नाही. त्याची निवड त्यांनी केली नव्हती आणि त्याला काढणंही त्यांच्या हाती नव्हतं. तो मुसलमान, हेही मुसलमान. पण दरबाराचं दार नावावरून उघडत नसे. 'सर्फ-ए-खास' म्हणून निजामाची स्वतःची खासगी जमीन होती, तिचा सारा थेट त्याच्या तिजोरीत जायचा. सारा देणाऱ्याचा धर्म तिथं कुणी विचारत नव्हतं.

तो मुलगा उठून म्हणाला, "माझे पणजोबा माली पाटील होते. सारा तेच गोळा करायचे." वर्ग हसला. तोही हसला. मी हसलो नाही, कारण मला त्याचं कौतुक वाटलं.

रझाकारांनी गावांवर केलेले अत्याचार मी सांगितले. त्यात आडपडदा ठेवला नाही. पोलीस ॲक्शननंतरचे दिवस मात्र माझ्या तोंडून बाहेर पडेनात. शेजारच्या माळ्याच्या घरात कडब्याआड दादीनं सहा दिवस काढले. तिचा भाऊ परत आला नाही. तेरा वर्षांच्या मुलांना हे कसं सांगायचं? आणि सांगितलं नाही, तर ती दोन मुलं ते कुठून ऐकणार? हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

१९५० नंतरचा भाग मुलांना भलताच आवडला. तोच निजाम १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. पण १९५२ च्या निवडणुकीनंतर कारभार मुख्यमंत्री बुर्गुला रामकृष्णराव यांच्याकडे. म्हणजे राजा होता आणि राज्य नव्हतं. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याचं चिन्ह. आजोबांना वाचता येत नव्हतं. ते नवा सदरा घालून गेले आणि चित्र बघून मत टाकून आले. दादी म्हणायची, त्या दिवशी त्यांनी धनुकलीला हात लावला नाही. निजामालाही कायद्यानं एकच मत होतं, हे सांगितल्यावर शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, म्हणजे सेम?"

"सेम," मी म्हणालो.

आमच्या शाळेत १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं. इतकी वर्षं माझ्याकडे रांगा लावायचं काम असतं. भाषण कुणी सांगितलं नाही आणि मीही मागितलं नाही. यंदा मुख्याध्यापकांकडे पाच मिनिटं मागितली आहेत. ते "बघू" म्हणाले. रुपया मी खिशात ठेवणार आहे.