मृगाची संत्री, खालची फळी

मार्च लागला. मोर्शीत या दिवसांत आम्हाला संत्री विकत घ्यावी लागत नाहीत. मृग बहाराची थैली कोणाच्या ना कोणाच्या बगीच्यातून येतेच. नाव नागपूरचं, २०१४ चं भौगोलिक मानांकनही त्याच नावाने. झाडं मात्र आमच्या वरुड-मोर्शीत. असो.

नुसती खाऊन संपेनात, म्हणून आज बर्फी केली. रस थेट दुधात घातला तर दूध फाटतं. आधी खवा परतायचा, मग साखर आणि गर. बिया, पांढरे पापुद्रे निगुतीने काढायचे. एखादी बी राहिली तरी कडवटपणा उतरतो. गोळा कडा सोडू लागला की लगेच ताटात. रंग मी घालत नाही, फिकटच बरी.

बर्फी झाली, आता खाऊची फळी. मुलं शाळेतून येतात तेव्हा मी ऑफिसात असते. म्हणून खालच्या फळीवर फक्त त्यांचं: चिवडा, शंकरपाळे, फुटाणे. "वला हात नोको लावू डब्याले," सासूबाई रोज बजावतात. त्या धाकानेच चिवडा कुरकुरीत राहतो. कुरडया-सरगुंड्यांसाठी वरची फळी रिकामी हवी, पण तिथे त्यांचे पितळी डबे आहेत आणि ते हलवायची माझी टाप नाही. पाडव्याच्या आवराआवरीत नवऱ्याला पुढे करीन.